साडेसहाची मध्यरात्र

माझा मामेभाऊ रोह्याला एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. जिना उतरताना कठडा कोणत्या हाताने धरावा याबद्दल त्याचं मत आहे, आणि ते तो विचारल्याशिवाय सांगतो. गेल्या नाताळात त्याने आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना आणि सासूला आराम द्यायचं ठरवलं. तो आराम मी पहिल्या रांगेत बसून पाहिला. फुकटात इतकी करमणूक मला पेणच्या कुठल्याही जत्रेत मिळाली नव्हती.

त्याची बायको रेवदंड्याकडची, ख्रिश्चन. लग्नाच्या वेळी माझ्या मामीने तीन दिवस तोंड फुगवलं होतं. चौथ्या दिवशी सुनेच्या हातचं सुरमईचं कालवण जेवली आणि विषय मिटला. तेव्हापासून दर नाताळाला मामा-मामी पेणहून रोह्याला जातात, नाताळच्या करंज्या म्हणजे नेवऱ्या खातात, गोठ्याची आरास बघतात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. कोणाला काही त्रास नव्हता. पण गेल्या वर्षी भावाला कंपनीचा बंगला मिळाला, त्याची विधवा सासू रेवदंड्याचं घर बंद करून कायमची लेकीकडे राहायला आली, आणि तीन म्हातारी माणसं एका छपराखाली येणार म्हटल्यावर भावाच्या अंगात त्याचं खातं संचारलं. त्याने फोनवर एक ग्रुप काढला. त्यावर सतरा कलमांची यादी टाकली. पहिलं कलम होतं, ‘ज्येष्ठांनी जमिनीवर बसू नये.’ सोळावं होतं, ‘ज्येष्ठांनी उत्साहाच्या भरात अचानक उठू नये.’ सतराव्यात माझी नेमणूक वाहतूक प्रमुख म्हणून झाली होती, कारण माझ्याकडे गाडी आहे आणि नवरा नाही, म्हणजे मी कायम मोकळी असते असा घरात सर्वांचा समज आहे.

आता मामाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय या गोष्टीत नुसता भाऊच उरेल, आणि तेवढं कोणाला सोसणार नाही.

मामा पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साठ वर्षं डोळ्यांची आखणी करत होता. मूर्तीला अंगाचा रंग कोणीही देतं. सोवळं, दागिने, उंदीर, सगळं शिकाऊ माणसंही करतात. डोळे मात्र शेवटी आणि एकाच माणसाने. आधी पांढरं, मग बुबुळ, मग वरच्या पापणीची काळी रेघ एका दमात, आणि अगदी शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. त्या ठिपक्याला मामा ‘उजेड’ म्हणतो. उजेड दिला की तो मूर्तीकडे पुन्हा बघत नाही, पुढची ओढतो. मामाचे गणपती आपण कुठेही उभे राहिलो तरी आपल्याकडेच बघतात, असं गिऱ्हाईक म्हणायचं. मी लहानपणी त्या कारखान्यात खोड्या केल्या नाहीत त्या याच कारणाने. एका वेळी दोनशे गणपती माझ्याकडे बघत असायचे.

मामाला ऐंशी पूर्ण झाली तेव्हा कारखानदाराने त्याचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि एक फिरती खुर्ची. उंच टेबलही दिलं. ‘मामांनी आता खाली बसायचं नाय,’ असं भाषणात सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पुढच्या दोन महिन्यांत मामाची रेघ वाकडी जायला लागली. पापणीला कंप यायचा. एका मूर्तीचा डावा डोळा तर असा झाला की गणपती झोपेतून उठून भांडायला आल्यासारखा दिसायचा. कारखानदार भला माणूस. त्याने आवाज खाली आणून सांगितलं, ‘मामा, आता आराम करा.’ डॉक्टर म्हणाला वय झालं. भाऊ म्हणाला, आराम करा. मीसुद्धा, येता-जाता ओट्यावर बसलेल्या त्या माणसाला हसत हसत म्हणत होते, ‘काय मामा, आराम का?’ वर्षभर म्हणत होते. हा मूर्खपणा माझ्या नावावर लिहून ठेवावा.

मामाने खारीच्या केसांचा ब्रश चष्म्याच्या घरात ठेवला आणि बोलणं कमी केलं. मामी मला एकदा म्हणाली, ‘गो, हा माणूस जेवतो, निजतो, देवपूजा करतो. पण घरात नाय.’

तर चोवीस तारखेला सकाळी मी दोघांना गाडीत घातलं. वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंड. भावाचे तीन फोन आले. पट्टा लावलाय का, वेग किती आहे, बाबांना मळमळतंय का. मामाला मळमळत नव्हतं. मामीने पदराआड वाटाणे-फुटाणे आणले होते आणि दोघं खिडकीतून टरफलं उडवत बसले होते.

बंगल्याच्या पायऱ्यांना पिवळे-काळे पट्टे मारलेले होते. उंबरठ्यालाही. बाथरूमच्या दारावर ‘सावधान’ असं लिहिलेलं, खाली घसरणाऱ्या माणसाचं चित्र. मामीने त्या चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि लेकाला विचारलं, ‘हा कोण, तुझ्या सासुरवाडीचा?’

भावाने तिघांना एकत्र करून पाच मिनिटं सूचना दिल्या. आग लागली तर आंब्याखाली जमायचं, हेही सांगितलं. ऑफिसर झाल्यापासून तो बापाला ‘अहो बाबा’ म्हणतो. ‘अहो बाबा, हे आजपासून तुमचं आसन,’ म्हणत त्याने पडदा बाजूला सारावा तसा हात केला. हॉलमध्ये दोन भल्यामोठ्या चॉकलेटी रिक्लायनर खुर्च्या होत्या, समोरासमोर. एकीत त्याची सासू आधीच बुडालेली होती. फक्त तिचं डोकं आणि तिच्या बांगड्या दिसत होत्या. दुसरीत मामाला बसवलं. मामीसाठी बाजूला एक गादीदार कोच. मग भावाने खिशातून रिमोट काढला आणि दाबला.

खुर्च्या घुर्रर्र करत मागे झुकल्या आणि पाय वर आले. मामाचे दोन्ही तळवे विहीणबाईंच्या तोंडासमोर आणि विहीणबाईंचे मामाच्या तोंडासमोर. वीस वर्षं एकमेकांशी मान खाली घालून बोललेली ही दोन माणसं. मामाने पाय खाली घ्यायची धडपड केली. खुर्ची देईना. विहीणबाईंनी साडीचा काठ ओढून पाय झाकले आणि छताकडे बघून म्हणाल्या, ‘व्याही, माफ करा हां. माझ्या हातात काय नाय.’

‘माझ्यापण नाय, विहीणबाई,’ मामा छताला म्हणाला.

‘रक्ताभिसरण,’ भाऊ म्हणाला. त्याला वाटलं यात सगळं आलं.

मी त्याला म्हटलं, ‘अरे, निदान खुर्च्या शेजारी तरी लाव. समोरासमोर पाय करून बसवलंयस व्याह्यांना.’

‘ताई, दोघांवर एकाच जागेवरून लक्ष राहतं. मी विचार केलाय.’

त्याने विचार केला होता, यात मला शंका नाही. त्याच्या चेहऱ्यावरून कळतं तो कधी करतो ते.

जेवण खुर्चीतच, आणि ज्येष्ठांचं वेगळं. मीठ नाही, तेल नाही, तिखट नाही. उकडलेला दुधी, पातळ खिचडी आणि काहीतरी पांढरं. विहीणबाईंनी चार दिवस खपून केलेल्या नेवऱ्या आणि नारळ-गुळाचं दोदोल फडताळात कुलपात. किल्ली भावाच्या कमरेला. माझी मामी खारेपाटातली, तिचं माहेर मिठागराचं. तिचा बाप, भाऊ, ती स्वतः, सगळ्यांनी मिठाच्या वाफ्यात पाय तुडवून आयुष्य काढलं. त्या बाईपुढे बिनमिठाची खिचडी ठेवायची हिंमत आमच्या घराण्यात फक्त एकाच माणसात असू शकते. मामीने एक घास खाल्ला. मग कनवटीची मिठाची पुडी काढली, चिमूट स्वतःच्या ताटात टाकली, चिमूट नवऱ्याच्या, आणि उठून जाऊन चिमूट विहीणबाईंच्या.

‘बीपी हाय मला,’ विहीणबाई कुजबुजल्या.

‘मग अर्धी चिमूट घ्या,’ मामी म्हणाली.

दुपारी कळलं की मध्यरात्रही बदललेली आहे. विहीणबाईंच्या घरची रीत अशी, की गोठा आधी मांडायचा, गुरं, मेंढपाळ, आईबाप सगळे ठेवायचे, पण गव्हाण रिकामी. बारा वाजले की घरातल्या सर्वांत मोठ्या बाईने बाळ आणून तिच्यात ठेवायचं. भावाने ठरवलं की ज्येष्ठांना जागरण नको. म्हणून त्या दिवशी बारा वाजणार होते संध्याकाळी साडेसहाला. कॉलनीतली चार कुटुंबंही बोलावली होती. त्याने भिंतीवरचं घड्याळ काढून काटे आधीच बारावर लावून ठेवले होते, सेल काढून. ‘वातावरणनिर्मिती,’ असं मला म्हणाला. त्यामुळे त्या दिवशी रोह्यात आमच्या एका घरात दुपारपासून मध्यरात्र होती.

गोठा मात्र त्याने ऑनलाइन मागवला होता. प्लास्टिकचा, आत दिव्यांची माळ, बाळाच्या पोटात बॅटरी. ते निळं-लाल लुकलुकायचं, अपघाताच्या जागी पोलिसांची गाडी उभी असावी तसं. विहीणबाईंनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांच्या मांडीवर सकाळपासून बिस्किटांचा एक जुना डबा होता आणि तो त्या कोणाच्या हातात देत नव्हत्या.

चार वाजता भाऊ बिनसाखरेचा केक आणायला बाजारात गेला. बायकोला सोबत नेलं, कारण केक सरळ धरायला दुसरं माणूस लागतं. रिमोट त्याच्या खिशात गेला. पाय वरच राहिले.

दहा मिनिटांनी मामा म्हणाला, ‘गो बाय, मला लघवीला जायचंय.’

मी खुर्चीचे सगळे कोपरे दाबले. काही होईना. फोन केला तर भाऊ म्हणाला, गाडी चालवताना मी फोनवर बोलत नाही, आणि एवढं बोलून ठेवला. मग मामी उठली, पदर खोचला आणि मला म्हणाली, ‘तू खांद्याला धर. मी पायाला. गोणी उतरवतात तसा उतरवू.’ तसाच उतरवला. मामा त्या वर आलेल्या पायठेवणीवरून सरकत सरकत जमिनीवर आला. मी त्याला उभा करून नेऊन आणलं. परत आल्यावर मी खुर्चीकडे हात केला, तर तो थांबला. खुर्चीकडे बघितलं, विहीणबाईंच्या तळव्यांकडे बघायचं टाळलं, आणि खुर्चीच्या खोक्याचा रिकामा पुठ्ठा भिंतीशी पडला होता त्यावर सरळ खाली बसला. पहिलं कलम मोडलं.

‘मलाही उतरवा,’ विहीणबाई म्हणाल्या. त्यांनाही उतरवलं. मग मामी कशाला वर बसतेय. तिघं फरशीवर आली आणि सकाळपासून पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलायला लागली. मी फडताळाचं बिजागर स्क्रू काढून सोडवलं आणि नेवऱ्या बाहेर काढल्या. कुलूप मी तोडलं नाही. ते अजूनही शाबूत आहे.

तेव्हा विहीणबाईंनी डबा उघडला. आत कापसात त्यांचं बाळ होतं. प्लास्टरचं, हाताच्या तळव्याएवढं, त्यांच्या सासूच्या सासूचं. समुद्राच्या खाऱ्या हवेने त्याचा रंग खाल्ला होता. तोंडावर तर काहीच नव्हतं, सोललेल्या अंड्यासारखं गुळगुळीत.

‘डोळे गेले याचे,’ मामा म्हणाला.

‘पाच-सहा वर्षं झाली. जावई म्हणतात, असं आंधळं ठेवायचं नाय, पाहुणे येतात. त्यांचंही बरोबर हाय.’ मग म्हणाल्या, ‘मी गेल्यावर हे कोण ठेवणार हाय? आज एक शेवटचं ठेवायचं होतं.’

मामी नवऱ्याकडे बघत नव्हती. ती नेवरीचे कण फरशीवरून बोटाने टिपत होती. मीही टिपायला लागले.

‘माझा हात गेलाय, विहीणबाई,’ मामा म्हणाला.

‘मला कुठे कारखान्यातलं पाहिजे? दोन ठिपके द्या. त्याला दिसलं म्हणजे झालं.’

मामाने खिशातलं चष्म्याचं घर चाचपलं. मग मला विचारलं, ‘काळा हाय कुठे?’

काळा होता. पांढराही होता. पायऱ्या आणि ‘सावधान’ रंगवून उरलेले भावाचे डबे गॅरेजमध्ये ओळीने, झाकणावर तारीख लिहून ठेवलेले होते. मी दोन बशांत थेंब थेंब आणला. मामाने चष्म्याच्या घरातून ब्रश काढला, ओठांत धरून टोक केलं. डावी मांडी घातली, उजवा गुडघा उभा केला, कोपर गुडघ्यावर टेकवलं. मी लहानपणी त्याला असाच बसलेला पाहिला होता, हजार वेळा. खुर्चीत बसलेला पाहिला तो शेवटचे दोन महिने. हे माझ्या लक्षात आलं, पण अजून त्याचा अर्थ लागत नव्हता.

त्याने आधी पुठ्ठ्यावर एक रेघ ओढली. पापणीची, डावीकडून उजवीकडे, श्वास धरून. रेघ गेली ती सरळ गेली, टोकाला बारीक होत संपली. त्याने ती बघितली. शेजारी दुसरी ओढली. मग तिसरी. मग ब्रश खाली ठेवला आणि उजवा हात उलटासुलटा करून बघितला, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

मामीने एक शिवी दिली. ती मी इथे लिहीत नाही, पण ती खुर्चीला होती. ‘त्या गोल गोल फिरणाऱ्या खुर्चीनं घालवला तुमचा हात,’ ती म्हणाली. ‘कोपर ठेवायला जागा नाय, पाय लोंबतायत. वर्षभर मी देवाला बोल लावतेय.’

‘टेबलपण हलायचं,’ मामा हळूच म्हणाला.

‘मग सांगितलं नाय का कारखान्यात?’

‘सत्काराची होती ना.’

साठ वर्षांच्या कामाचा सत्कार, आणि त्याच सत्काराने माणूस कामातून उठवला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतेच. त्या क्षणी मला आमच्या सगळ्या प्रेमळ माणसांची अशी किळस आली की मी आणखी दोन नेवऱ्या खाल्ल्या.

मामाने बाळ डाव्या हातात घेतलं, करंगळी त्याच्या गालाला टेकवली आणि डोळे आखले. पांढरं, बुबुळ, रेघ. त्याला एकाच तऱ्हेचे डोळे येतात. लांब, शांत, खालच्या बाजूला किंचित झुकलेले, भक्ताने काय आणलंय ते ताटात बघणारे. शेवटी उजेड दिला. मग सवयीने बाळ बाजूला ठेवलं आणि पुढची मूर्ती ओढायला हात केला. पुढे काही नव्हतं.

विहीणबाईंनी बाळ उचललं, लांब धरलं, जवळ धरलं. ‘हा माझ्याकडे बघतो,’ त्या म्हणाल्या.

‘सगळ्यांकडे बघतो,’ मामी म्हणाली. ‘मिठाची पुडी लपवा आता. आणि डोळे उघडलेत, परत डब्यात नका घालू हां. आमच्यात डोळे दिल्यावर कोंडत नायत.’

‘मग काय करतात?’

‘दहा दिवसांनी बुडवतात.’

‘नको गो बाई,’ विहीणबाई बाळ छातीशी धरून म्हणाल्या. ‘मी आपली फळीवर ठेवीन.’

सव्वासहाला भाऊ आला. दारातून त्याला फरशीवर बसलेली तीन ज्येष्ठ मंडळी, नेवऱ्यांचं रिकामं ताट आणि कुलपावर लोंबणारं फडताळाचं दार दिसलं. केक त्याच्या हातात डगमगला.

‘कोण पडलं?’

‘कोणी पडलं नाय,’ मामी म्हणाली. ‘बसलोय.’

‘खाली? कोणाच्या परवानगीने?’

मी त्याला पुठ्ठा दाखवला. तीन रेघा. त्याने त्या नीट बघितल्या, बापाच्या हाताकडे बघितलं, आणि मला क्षणभर वाटलं की आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल. तो म्हणाला, ‘हा तेलरंग आहे. खिडकी उघडायला हवी होती.’

पाहुणे आले. साडेसहा झाले, म्हणजे भावाच्या घड्याळात बारा. सुनेने प्लास्टिकच्या बाळाची बॅटरी काढून ते खोक्यात घातलं. त्या दिवसातलं तिचं हे एकच वागणं मी पाहिलं, पण त्यासाठी तिचे वीस वर्षांचे सगळे गुन्हे माफ. विहीणबाईंनी आपलं बाळ गव्हाणीत ठेवलं. पाहुणे वाकले आणि थोडे दचकले. एक बाई उजवीकडून बघून आल्या, मग डावीकडून. नंतर त्यांनी हातातला केकचा तुकडा नकळत गोठ्यापुढे ठेवला. मामाने ते बघितलं. सबंध वर्षात मी त्याला हसताना पाहिला तो तेव्हा.

सव्वीसला सकाळी परत निघालो. पेणमध्ये शिरल्यावर मामा म्हणाला, ‘घरी नको. कारखान्यात घे.’ परदेशी जाणाऱ्या मूर्ती डिसेंबरातच तयार होतात, त्यामुळे तिथे ओळी लागल्या होत्या. कारखानदाराने धावत जाऊन ती फिरती खुर्ची पुसली. मामा तिला वळसा घालून गेला, दाराशी पडलेलं गोणपाट ओढलं, त्यावर मांडी घातली, गुडघा उभा केला आणि म्हणाला, ‘एक लहान दे. बिघडला तर मी विकत घेईन.’

सगळं काम थांबलं. मामी दारात उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून. उजवा डोळा झाला. मग डावा. कारखानदाराने मूर्ती उचलून उजेडात नेली आणि बराच वेळ परत आला नाही. आला तो हातात दुसरी मूर्ती घेऊन. ती मामापुढे ठेवली.

आता मामा रोज सकाळी दोन तास जातो. मात्र एकदा खाली बसला की त्याला आपलं आपण उठता येत नाही. गुडघे खरंच गेलेत, त्यात खोटं काही नाही. अकरा वाजता मला फोन येतो, ‘ये गो, उठव.’ मी जाते, दोन्ही हात देते, तो ‘हां’ म्हणतो, मी ओढते. एवढीच मदत त्याला लागत होती. फिरत्या खुर्चीवर कारखान्यातलं मांजर झोपतं.

भावाने ग्रुपवर पुठ्ठ्याचा फोटो टाकला आहे. खाली लिहिलंय, ‘रिक्लायनरच्या एका दिवसाच्या वापराने बाबांच्या हाताची थरथर पूर्ण थांबली.’ कंपनीतल्या सत्तावीस जणांनी अंगठा दाखवलाय. येत्या नाताळाला तो कारखान्यालाही एक खुर्ची भेट देणार आहे. मी मामाला हे वाचून दाखवलं तेव्हा त्याच्या तोंडात ब्रश होता. त्याने मान न वळवता खूण केली की उजेड अडवू नकोस, आणि रेघ ओढली.